अंकी आणि अक्षरी : एका रिकाम्या जागेचा विचार

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विद्यार्थ्याची जन्मतारीख दोनदा लिहावी लागते. एकदा अंकांत आणि एकदा अक्षरांत. मुख्याध्यापक या नात्याने हे काम आम्ही अनेक वर्षे करीत आलो आहोत. छापील दाखल्यावर या दोहोंसाठी दोन रिकाम्या जागा सोडलेल्या असतात. पहिली जागा भरावयास क्षणभर पुरतो. दुसरीपाशी नवा कारकून हमखास थांबतो आणि शेजाऱ्यास विचारतो. हे थांबणे वरवर क्षुल्लक वाटते. परंतु ते का घडते याचा विचार करू लागल्यास आपल्या भाषेच्या घडणीपर्यंत जावे लागते. आणि उज्जैनसारख्या गावी राहणाऱ्या मराठी माणसाला तर त्याहीपुढे, आपल्या घरात मराठी कितपत उरली आहे, या प्रश्नापर्यंत जावे लागते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या रिकाम्या जागेचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

या विचारास निमित्त झाले ते येथील एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचे पावतीपुस्तक. पावतीवरील मजकूर पूर्वापार चालत आलेला आहे : ‘श्री. … यांजकडून वर्गणीदाखल रुपये …, अक्षरी रुपये … मात्र, साभार पोहोचले.’ आमचा एक जुना विद्यार्थी संगणकाचे काम करतो. त्याने मोठ्या उत्साहाने या पावत्या यंत्रावर छापून देण्याची व्यवस्था केली. अशा व्यवस्थेत वाक्य एकदाच लिहून ठेवतात. ज्या ठिकाणी रक्कम यावयाची त्या ठिकाणी एक खूण करून ठेवतात. आणि यंत्र दर वेळी त्या खुणेच्या जागी नवी रक्कम घालते. आपल्या वर्गातील ‘रिकाम्या जागा भरा’ या प्रश्नाचाच हा प्रकार होय. भेद इतकाच की, येथे उत्तर लिहिणाऱ्यास वाक्याचा अर्थ ठाऊक नसतो.

पहिल्या दिवशी वर्गणी आली ती नेहमीच्या शकुनाच्या आकड्यांत : ५१, १०१, २५१. यंत्राने अंक बिनचूक छापले. पण अक्षरी रकमेच्या जागी ‘पन्नास एक’, ‘एक शंभर एक’ आणि ‘दोन शंभर पन्नास एक’ अशी अक्षरे उमटली. वडीलधाऱ्या सभासदांनी हसत हसत पावत्या परत केल्या. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती होऊन आली, तेव्हा त्याच जागी ‘इक्यावन’, ‘एक सौ एक’ आणि ‘दो सौ इक्यावन’ असे शब्द होते. मागेपुढे मजकूर मात्र शुद्ध मराठी. आम्ही त्यास जवळ बसवून विचारले, तेव्हा तो संकोचाने म्हणाला, “सर, घरी आम्ही मराठीच बोलतो, पण आकडे मनात हिंदीतच येतात.” या दोन दिवसांच्या दोन चुका वेगवेगळ्या जातीच्या आहेत. पहिली व्याकरणाची आहे आणि दुसरी आपल्या संसाराची. दोहोंचा विचार क्रमाने करू.

प्रथम हे पाहू की, अंक असताना अक्षरे हवीतच कशाला? अंकास मागेपुढे कुंपण नसते. ५०० या आकड्यापुढे एक शून्य टाकले की त्याचे ५,००० होतात आणि पाहणाऱ्यास शंकाही येत नाही. ‘पाचशे’ या शब्दाचे ‘पाच हजार’ करणे तितके सोपे नाही. म्हणूनच देवघेवीच्या कागदावर अक्षरी रक्कम लिहिण्याचा परिपाठ पडला, आणि कायद्यानेही त्यास मान दिला. धनादेशादी लेखांसंबंधीचा परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ सालचा. त्याचे १८ वे कलम असे सांगते की, अंकांतील रक्कम आणि शब्दांतील रक्कम यांत फरक पडल्यास शब्दांतील रक्कम खरी धरावी. म्हणजे ज्या जागेपाशी कारकून थांबतो, तीच जागा कायद्याच्या दृष्टीने वरचढ आहे. रकमेनंतर येणारा ‘मात्र’ हा शब्दही शोभेचा नव्हे. संख्या येथे संपली, यापुढे कोणी काही जोडू नये, अशी ती सीमा आहे.

संख्या शब्दांत बांधून ठेवण्याची ही रीत आमच्या अवंतीस नवी नाही. येथील ज्योतिषी वराहमिहिर याने आपल्या ‘पंचसिद्धांतिके’त गणिताचा आरंभ शक ४२७, म्हणजे इ. स. ५०५, हा धरला आहे. आणि हा शक त्याने अंकांनी न सांगता सात, अश्विनीकुमार आणि वेद अशा शब्दांनी सांगितला आहे. अश्विनीकुमार दोन आणि वेद चार. एककापासून डावीकडे मांडीत गेले की ४२७ होतात. हस्तलिखिताची नक्कल करताना अंक सहज बिघडतो. छंदात बसविलेला शब्द बदलला तर छंदच तक्रार करतो. पावतीवरील ‘अक्षरी’मागे आणि या भूतसंख्यांमागे हेतू एकच आहे.

याहून जवळचे उदाहरण मराठेशाहीच्या कागदपत्रांचे. अठराव्या शतकात शिंद्यांच्या मागोमाग मराठी कुटुंबे माळव्यात आली आणि उज्जैन ही काही काळ शिंद्यांची राजधानीच होती. त्या काळच्या मराठी पत्रांवर सुहूर सन लिहीत, तो अरबी संख्याशब्दांत. मृगाच्या सुमारास सुरू होणाऱ्या या सनात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन निघतो. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, तेव्हा सुहूर ११६१ चालू होता. तो ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा लिहीत. म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. आता यातील गंमत पाहा. अठराव्या शतकात जवळजवळ शंभर वर्षे ‘मया व अलफ’ हा शेवट जागचा हलला नाही; लेखकास दर वर्षी बदलावयाचे ते पुढचे दोनच शब्द, एककाचा आणि दशकाचा. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा असे एककाचे नऊ आणि अशर, अशरीन, सलासीन असे दशकाचे नऊ, इतके अठरा शब्द पाठ असले की शतकभराचे सन लिहिता येत. ठरलेल्या वाक्यात दोन रिकाम्या जागा आणि त्या भरावयास शब्दांची एक छोटी यादी. आमच्या विद्यार्थ्याच्या यंत्राची रचना याहून निराळी नाही.

मग यंत्र चुकले कोठे? यादीत चुकले. इंग्रजी भाषेत एकपासून एकोणीसपर्यंतचे १९ शब्द आणि वीसपासून नव्वदपर्यंत दशकांचे ८ शब्द, अशा २७ शब्दांत ९९ पर्यंतची मोजणी भागते. कारण पन्नासापुढे एक ठेवला की एकावन होतात. मराठीत असे जोडकाम चालत नाही. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव ही मालिका पाहा. येथे ‘दोन’ हा शब्द एकदाही दिसत नाही. ‘बा’, ‘ब’, ‘बे’, ‘ब्या’ अशी त्याची रूपे पालटतात. दशकही जागचे राहत नाही : पन्नासाचे ‘वन्न’, साठाचे ‘सष्ट’, सत्तराचे ‘हत्तर’. शिवाय एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ संख्या पुढच्या दशकातून एक उणा करून सांगितल्या जातात. आणि त्याच नियमाने नव्याण्णवास जे नाव मिळावयास हवे होते ते मात्र मिळालेले नाही. संस्कृतातील संख्या प्राकृताच्या वाटेने येताना झिजल्या, त्यांचे हे अवशेष आहेत. एकाच नियमाने ते बनवू म्हणणे व्यर्थ होय. मराठीस ९९ शब्दांची पुरी यादी द्यावी लागते. दुसरा मार्ग नाही.

ती यादी एकदा हाती आली म्हणजे पुढचे काम सोपे आहे. संख्येचे उजवीकडून प्रथम तीन अंक तोडावे आणि मग दोन-दोन. १२,३४,५६७ याचे १२, ३४ आणि ५६७ असे तुकडे पडतात. पहिल्यापुढे लाख, दुसऱ्यापुढे हजार. तिसऱ्यातील शतकास ‘शे’ लावून उरलेले दोन अंक यादीतून घ्यावे : बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट. ज्या तुकड्यात शून्ये आहेत तो मुकाट्याने सोडून द्यावा. १०,००,००५ म्हणजे दहा लाख पाच. एवढ्याने ९९ कोटींच्या पलीकडे जाता येते. अपवाद थोडे, पण ते सांगितलेच पाहिजेत. एकटे शतक असेल तर ‘शंभर’, पुढे काही असेल तर ‘एकशे’. वर्ष असेल तर १९४७ चे ‘एकोणीसशे सत्तेचाळीस’, रक्कम असेल तर बहुधा ‘एक हजार नऊशे सत्तेचाळीस’. दीडशे, अडीचशे, पाऊणशे हे आपले गोड शब्द बोलण्यात चालतात. पावतीवर त्यांस जागा नाही. अंक तोच असूनही जागा पाहून शब्द ठरतो, ही गोष्ट यंत्रास मनुष्यानेच सांगावी लागते.

येथपर्यंत संख्येचा विचार झाला. परंतु आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते वाक्य. ‘सभेस … सभासद उपस्थित होते’ या वाक्यात दोनपासून पुढची कोणतीही संख्या घाला, वाक्य उभे राहते. एक घाला, की ‘एक सभासद उपस्थित होते’ असे होऊन क्रियापद अडते. ‘… विद्यार्थ्यांनी बक्षीस मिळविले’ येथे दोन, तीन, चार हे शब्द जसेच्या तसे बसतात; पण एकाची पाळी आली म्हणजे ‘एका विद्यार्थ्याने’ असे सर्वच पालटावे लागते. बोलणारा मराठी माणूस तर माणसे मोजताना दोघे, तिघी, चौघे असे म्हणेल. क्रमवाचकांची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘… वा वार्षिक उत्सव’ असा फलक करून ठेवला, तर पाचवा, अकरावा, अठरावा येथपर्यंत तो निभावतो. एकोणिसापासून ‘वा’ऐवजी ‘आवा’ लागतो, आणि शब्दातील दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो : एकोणिसावा, विसावा, पंचविसावा. नुसता ‘वा’ चिकटवीत गेल्यास ‘पंचवीसवा’ होतो, आणि तो हिंदीच्या वळणाचा आहे हे येथील वाचकांस सांगावयास नको. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा हे तर मुळातच कोणत्याही साच्यात बसत नाहीत.

या दृष्टीने जुन्या पावतीच्या मजकुराकडे पाहिले म्हणजे तो करणाराचे कौतुक वाटते. ‘अक्षरी रुपये … मात्र’ या रचनेत संख्येस विभक्ती लागत नाही, क्रियापदाशी तिचा संबंध येत नाही, लिंगवचनाचा प्रश्न उठत नाही. एकीकडे ‘अक्षरी’ आणि दुसरीकडे ‘मात्र’. मधल्या जागेत कोणतीही संख्या येवो, वाक्यास धक्का लागत नाही. रिकाम्या जागेचे वाक्य असेच लिहावयास हवे. जागा सोडणाऱ्याने त्या जागेत उद्या काय काय येऊ शकेल याचा आधी विचार करावा आणि त्या सर्वांस पुरेल असे वाक्य बांधावे. ‘सभेस … सभासद उपस्थित होते’ याऐवजी ‘उपस्थित सभासदांची संख्या : …’ असे लिहिले की, एकापासून हजारापर्यंत सर्व प्रसंग पार पडतात. आज दूरध्वनीच्या पडद्यावर, बँकेच्या संदेशांत, रेल्वेस्थानकावरील घोषणांत अशी अर्धी लिहून ठेवलेली वाक्ये आपल्यापुढे सतत येतात. त्यांतील मराठी खटकते, तेव्हा दोष बहुधा यंत्राचा नसतो. दुसऱ्या भाषेत बांधलेल्या वाक्यात मराठी शब्द कोंबलेले असतात.

आता दुसऱ्या दिवशीची चूक. आमच्या विद्यार्थ्यास ९९ शब्दांची यादी हवी होती आणि त्याने आपल्या जवळची यादी दिली. ती हिंदीची निघाली. त्यास दोष कसा द्यावा? भाजीबाजारात भाव हिंदीत, शाळेत पाढे हिंदीत किंवा इंग्रजीत, दूरध्वनीचा क्रमांक इंग्रजीत. घरातील मराठीस संख्या उच्चारण्याचा प्रसंगच राहिलेला नाही. ‘जेवायला या’ हे वाक्य मराठीत राहते. ‘अडुसष्ट रुपये झाले’ हे राहत नाही. माळव्यातील मराठी घरांत आम्ही पुष्कळदा पाहिले आहे की, नातवंडे आजीशी उत्तम मराठी बोलतात; पण आजीने ‘एकोणनव्वद’ म्हटले की गोंधळतात, कारण त्यांच्या ओळखीचा शब्द ‘नवासी’ आहे. एक भाषा नव्वदातून एक उणा करते, दुसरी ऐंशीत नऊ मिळविते. भाषेतील इतर शब्द एकेकटे विसरले जातात. संख्याशब्द मात्र वापरातून गेले की शंभरच्या शंभर एकदम जातात. आणि ते गेले आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही; कारण हिशेब चुकत नाही, केवळ भाषा बदललेली असते.

प्रत्यक्ष महाराष्ट्रातही हा विषय २०१९ साली गाजला. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली होती. मुले पंचवीस ऐकून आधी पाच लिहितात आणि ५२ करून बसतात, ही अडचण प्रत्येक प्राथमिक शिक्षकाच्या अनुभवाची आहे. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या रीतीचे समर्थन केले आणि जुनी नावे टाकून दिलेली नाहीत असेही स्पष्ट केले. वाद मात्र बराच झाला. आमचे मत असे की, स्थानिक किंमत समजावी म्हणून वर्गात ‘पन्नास एक’ म्हणावयास हरकत नसावी. शिडी चढावयास दिलेला तो हात आहे. जर्मन भाषेतही एकक आधी आणि दशक मागून येते आणि तेथील मुलांसही हा उलटा क्रम शिकावाच लागतो. परंतु पायरी चढून झाल्यावर मुलाच्या हाती ‘एक्कावन्न’ आला पाहिजे. पावतीवर, दाखल्यावर, धनादेशावर तोच लागणार आहे. त्याच्याकडे तो नसेल, तर ती रिकामी जागा दुसरी कोणती तरी भाषा भरून टाकील.

यावर उपाय मोठा नाही. पूर्वी मराठी शाळेत उजळणी होई. एकापासून शंभरापर्यंत संख्या एका सुरात म्हटल्या जात, आणि पुढे पावकी, निमकी, दिडकी, अडीचकीही येत. त्या पाठांतराचे सर्वच गुणगान आम्ही करणार नाही. तथापि, जेथे ९९ शब्दांस नियम नाही, तेथे पाठांतरावाचून गती नाही, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे मुलांसाठी मराठीचे वर्ग चालतात, तेथे शिक्षकांनी कविता आणि गोष्टींबरोबर आठवड्यास दहा संख्याशब्द घ्यावे. आणि ते नुसते म्हणवून न घेता पावती लिहावयास लावावी. वर्गणीची खोटी पावती मुले आनंदाने लिहितात. त्यात अक्षरी रक्कम लिहिताना जे थांबणे घडते, तेच खरे शिकणे होय. तसेच, ज्यांची मुले-मुली संगणकाच्या व्यवसायात आहेत अशा सभासदांनी आपल्या संस्थेच्या पावत्या, प्रमाणपत्रे आणि निमंत्रणे यांतील वाक्ये स्वतः एकदा वाचून पाहावी. यंत्रास व्याकरण शिकविण्यापेक्षा वाक्य नीट बांधून देणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे आणि ते त्यास सहज साधण्यासारखे आहे.

असो. त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही विद्यार्थ्याबरोबर बसून एकापासून शंभरापर्यंत यादी लिहून काढली. तो लिहीत होता आणि आम्ही सांगत होतो. पन्नासापर्यंत काम सुरळीत चालले. पुढे त्याने विचारले, “सर, एकावन्न लिहू की एक्कावन्न?” दोन्ही रूपे आम्ही छापलेली पाहिली आहेत, दोन्ही आम्ही स्वतः कधी ना कधी लिहिली आहेत, आणि नव्या कारकुनासारखे आम्हीही थांबलो. पुढे ‘पंचाऐंशी की पंच्याऐंशी’ येथे पुन्हा थांबावे लागले. माणसाने लिहिलेल्या पावत्यांत दोन रूपे खपून जातात. यंत्रास एकच रूप सांगावे लागते, आणि ते जे एकदा सांगितले जाईल तेच पुढे हजारो कागदांवर उमटत राहील. आम्ही ‘एक्कावन्न’ लिहावयास सांगितले, आणि त्या वर्षीच्या पावत्यांवर तेच छापले गेले. परंतु असा निर्णय एका मुख्याध्यापकाने एका संध्याकाळी करावा, हे योग्य नव्हे. शंभर शब्दांची एक पानभर यादी, प्रत्येकाचे एक मान्य रूप ठरवून, अकादमीच्या सभासदांनी विचारपूर्वक सिद्ध करावी आणि ती शिक्षकांच्या हाती द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.